कोणतं वडगाव? वेब अ‍ॅपमध्ये नकाशा आणि रस्ता बसवताना

मागच्या भागानंतर एका ऐकणाऱ्याचा मेसेज आला: "दादा, आमच्या एजन्सीच्या वेब अ‍ॅपला नकाशा आणि रस्ता जोडायचाय, एका दिवसात होईल का?" नकाशा अर्ध्या तासात दिसायला लागतो. पण त्या नकाशाच्या भरवशावर टेम्पो निघणार असेल, तर आजचा भाग शेवटपर्यंत ऐका. मी हे काम एकदा चुकवलेलं आहे.

यवतमाळमधल्या एका बियाणं-खताच्या वितरकासाठी ऑर्डरचं अ‍ॅप केलं होतं. गावोगावच्या कृषी केंद्रांनी ऑर्डर टाकायची, टेम्पोवाल्याला मोबाइलवर रस्ता दिसायचा, आणि किलोमीटरप्रमाणे त्याचं भाडं आपोआप निघायचं. डेमोला सगळे खूश. मग जूनचा पहिला पाऊस पडला, पेरणीची घाई सुरू झाली आणि टेम्पोवाल्या काकांचा फोन आला, "भाऊ, हे ते वडगाव नाही ना. त्याईचं जंगलवालं हाय."

पत्त्यात नुसतं 'वडगाव' लिहिलेलं होतं. आपल्या जिल्ह्यात वडगाव रोड आणि वडगाव जंगल या नावांची दोन वेगवेगळी पोलीस ठाणी आहेत, बाकीची वडगावं सोडाच. पत्त्यावरून अक्षांश-रेखांश शोधून देणाऱ्या सेवेला जिओकोडिंग म्हणतात. तिला नाव अर्धवट दिलं तर ती गप्प बसत नाही, त्यातल्या त्यात जुळणारं काहीतरी देते. पिन पडली म्हणजे पत्ता सापडला, असं मी धरून चाललो होतो. दुसरा घोळ केळापूरचा. तालुका केळापूर, पण त्याचं मुख्यालय पांढरकवडा, आणि केळापूर नावाचं गाव वेगळं आहे. तालुक्याच्या नावावरून पिन टाकली की माल भलतीकडे. जुन्या लोकांनी 'नेर परसोपंत' असं जोडनाव उगाच नाही वापरलं.

म्हणून पहिलं काम: पत्त्याच्या रकान्यात नुसतं टाइप करू देऊ नका. जिल्हा, तालुका, गाव अशी यादीतून निवड ठेवा, आणि पहिल्यांदा माल पोचला की ड्रायव्हरच्या मोबाइलवरून त्या दुकानाचं ठिकाण नोंदवून घ्या. ब्राउझर ठिकाणासोबत अचूकतेचा आकडाही मीटरमध्ये देतो. तो ८०० वगैरे आला तर ते ठिकाण साठवू नका, ड्रायव्हरला मोकळ्या जागेत येऊन पुन्हा बटण दाबायला सांगा. साइट एचटीटीपीएसवर नसेल तर ब्राउझर ठिकाण देतच नाही, हेही लक्षात असू द्या. या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. गूगलच्या जिओकोडिंगमधून आलेले अक्षांश-रेखांश त्यांच्या अटींप्रमाणे तीस दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाहीत. तुमच्या ड्रायव्हरने नोंदवलेलं ठिकाण मात्र तुमचं.

इथे एक गंमत सांगतो. लीफलेट ही नकाशाची लायब्ररी आधी अक्षांश मागते, मग रेखांश. जिओजेसन आणि ओएसआरएममध्ये क्रम उलटा. यवतमाळ साधारण २०.३९ उत्तर, ७८.१३ पूर्व. हे दोन आकडे अदलाबदल झाले की आपण थेट नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांपाशी, उत्तर ध्रुवाच्या अंगाला. माझ्याकडून झालंय. तिकडे डीएपी कोणी घेत नाही.

आता भाड्याचं. ही चूक मला जास्त लागली. मी अंतर हॅवरसाइनच्या सूत्राने काढत होतो, म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरचं दोन बिंदूंमधलं सरळ अंतर. फुकट, झटपट, एका ओळीचं काम. काकांनी महिनाभर वहीत मीटरचे आकडे लिहिले आणि वही माझ्यासमोर ठेवली. एका फेरीला अ‍ॅप म्हणत होतं ३१, वही म्हणत होती ४४. "माही गाडी काय उडत जाते का भाऊ?" डिझेल त्यांच्या खिशातलं होतं. इसापूरच्या जलाशयाच्या दोन काठांवरची गावं किंवा पैनगंगेच्या अल्याडपल्याडची गावं डोळ्यासमोर आणा: सरळ रेषेत शेजारी, पण टेम्पोला पूल असेल तिथूनच जावं लागतं. मागची तफावत हिशोब करून मालकांनी दिली, पण माझी मान खालीच होती.

रस्त्याचं अंतर काढायला राउटिंग लागतं. रस्त्यांचं जाळं घ्यायचं, चौक म्हणजे बिंदू, रस्ता म्हणजे रेषा, आणि प्रत्येक रेषेला जायला लागणारा वेळ. त्यातून सगळ्यात कमी वेळाची वाट शोधायची. याची मूळ पद्धत डाइकस्ट्राने १९५९ मध्ये छापली, आजची इंजिनं तीच सुधारून वापरतात. सेवा विकत घेता येते: गूगल, मॅपल्स. २०१८ पासून गूगलला बिलिंग खातं जोडावंच लागतं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी भारतासाठी दर बरेच उतरवले. पण मोजणी कशी होते ते बघा. एक गोदाम आणि २५ दुकानं, सगळ्यांचं एकमेकांपासूनचं अंतर मागितलं तर २६ गुणिले २६, म्हणजे ६७६ नोंदींचं बिल. पान उघडलं की दरवेळी हे मागणारा कोड मी पाहिलाय. दुकानं जागची हलत नाहीत, त्यामुळे दर ऑर्डरला सगळं जाळं मागायची गरज नसते. आणि ब्राउझरमध्ये दिसणारी की तुमच्याच डोमेनपुरती बांधून ठेवा, नाहीतर बिल तुमचं आणि वापर दुसऱ्याचा.

दुसरी वाट म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा घेऊन ओएसआरएम स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं. आम्ही शेवटी तेच केलं. त्यांचा सार्वजनिक टाइल सर्व्हर मात्र धंद्याच्या मोठ्या भारासाठी नाही, तो देणगीवर चालतो. आणि ओएसआरएमचं तयार प्रोफाइल कारचं आहे. वणीकडच्या कोळशाच्या ट्रकसाठी काही करत असाल तर व्हलहाला किंवा ओपनराउटसर्व्हिसमधलं ट्रकचं प्रोफाइल बघा.

खरं सांगू का, दिवसाला चार-पाच फेऱ्या असतील तर यातलं काहीच करू नका. दुकानाच्या नावापुढे 'रस्ता दाखवा' अशी लिंक द्या, ती ड्रायव्हरच्या मोबाइलमधलं गूगल मॅप्स उघडते. की लागत नाही, पैसे लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र कुठलीच सेवा नीट सांगत नाही: रपट्यावर पाणी आहे का. २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्याला पूर असताना पुलावरून एसटी बस वाहून गेली, माणसं गेली. त्याचा नकाशाशी काही संबंध नव्हता. पण माझं अ‍ॅप अशाच पुलावरून निळी रेष काढून खाली 'सर्वात जलद मार्ग' लिहीत होतं, हे नंतर लक्षात आलं तेव्हा पोटात गोळा आला. पांदण रस्त्यांचंही तेच. नकाशावर रस्ता, पावसात काळी माती, टायर चाकाच्या वरपर्यंत रुतलेला.

मग काकांसोबत बसून यादी केली. कोणता रपटा किती पावसात बंद होतो, कोणती पांदण जून ते ऑक्टोबर वापरायची नाही. ओएसआरएमला असे तुकडे बाजूला ठेवायला सांगता येतं: त्यांचा वेग शून्य देणारी फाइल जोडायची. ड्रायव्हरच्या स्क्रीनवर एकच मोठं बटण ठेवलं, 'पाणी आहे'. ते दाबलं की तो तुकडा बंद होतो, बाकीच्यांना मेसेज जातो, आणि काका किंवा गोदामवाले सांगतील तेव्हाच तो पुन्हा उघडतो. आपोआप उघडायची सोय मी मुद्दाम ठेवलेली नाही.

लांबच्या रस्त्याचं भाडं आता त्याच रस्त्याने मोजलं जातं. वही काकांनी अजून बंद केलेली नाही, आणि मीही त्यांना तसं म्हटलं नाही.