वुडहाऊस : विनोदाची रचना आणि बर्लिनची भाषणे

पी. जी. वुडहाऊस (१८८१–१९७५) यांच्या विनोदाची चर्चा बहुधा त्यांच्या भाषेपाशीच थांबते. शाळेत पाठ झालेला शेक्सपिअर आणि लंडनच्या क्लबातील बोली यांना एकाच वाक्यात नांदविण्याचे त्यांचे कौशल्य निर्विवाद आहे. तथापि त्या भाषेला उभे राहण्यास जागा मिळते ती रचनेमुळे. गाय बोल्टन आणि जेरोम कर्न यांच्यासमवेत न्यूयॉर्कच्या रंगभूमीसाठी संगीतिका रचताना पात्रांचे प्रवेश व प्रस्थान यांचा हिशेब त्यांच्या अंगवळणी पडला. कादंबरीचे पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी कथानकाची शेकडो पाने टिपणे ते करीत. हे परिश्रम वाचकास कोठेही जाणवत नाहीत, हीच त्यांची सिद्धी होय.

या रचनेचा एक अलिखित नियम असा की, कोणतेही संकट शेवटच्या प्रकरणापलीकडे टिकत नाही. १९१५ साली प्रथम अवतरलेला जीव्ज १९७४ पर्यंत म्हातारा होत नाही. ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ (१९३८) या कादंबरीतील रॉडरिक स्पोड हे इंग्लंडमधील फॅसिस्ट पुढारी ऑस्वल्ड मोझ्ली यांचे उघड विडंबन. हा हुकूमशहा नामोहरम होतो, तो स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांचे दुकान चालवितो हे गुपित जीव्जच्या हाती लागल्यामुळे! कादंबरीत हा उपाय पुरेसा ठरतो.

इतिहासात तो ठरला नाही. १९४० साली जर्मन सैन्याने वुडहाऊस यांना फ्रान्समध्ये ताब्यात घेतले. अप्पर सायलेशियातील टोस्टच्या छावणीतून जून १९४१ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी बर्लिन नभोवाणीवरून पाच भाषणे केली. त्यांत नाझींचा पुरस्कार नव्हता. स्वतःच्या बंदिवासाची थट्टा होती. परंतु बाँबवर्षाव सोसलेल्या इंग्लंडला त्या थट्टेचा सूर असह्य झाला. बी.बी.सी.वरून विल्यम कॉनर यांनी त्यांस देशद्रोही ठरविले, तर काही ग्रंथालयांनी त्यांची पुस्तके काढून टाकली. १९४५ मधील आपल्या निबंधात जॉर्ज ऑर्वेल यांनी हे वर्तन मूर्खपणाचे, परंतु द्रोहाचे नव्हे, असे प्रतिपादिले. वुडहाऊस मनाने पहिल्या महायुद्धापूर्वीच्या काळातच राहिले, हे त्यांचे निदान होते. ते मार्मिक आहे, पण अपुरे वाटते. स्पोड निर्माण करणाऱ्यास फॅसिझम दिसला नव्हता असे म्हणता येत नाही. तो दिसला, आणि विनोदाच्या नियमाने निकालातही निघाला. अडचण नेमकी येथे आहे.

ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या १९४४ मधील चौकशीत खटला भरण्याजोगे काही आढळले नव्हते. तो अहवाल मात्र त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. १९४७ साली ते अमेरिकेस गेले आणि इंग्लंडला पुन्हा परतले नाहीत. ‘सर’ ही पदवी १९७५ च्या प्रारंभी मिळाली; त्याच वर्षी १४ फेब्रुवारीस ते निवर्तले. टोस्टच्या छावणीत लिहिलेल्या ‘मनी इन द बँक’ या कादंबरीत इंग्लिश खेड्यातील एक प्रशस्त वाडा आहे, हरवलेले हिरे आहेत. काटेरी तार कोठेही नाही.