व्हॅनिलाचा सुगंध आणि विळ्याच्या आकाराच्या पेशी

घाटकोपरच्या किंवा अंधेरीच्या दुकानात तुम्ही व्हॅनिला आइस्क्रीम खाल्ले असेल. त्याचा सुगंध व्हॅनिलिन या पदार्थाचा असतो. व्हॅनिला ही एक वेल आहे. तिच्या शेंगांपासून व्हॅनिलिन मिळते. १८७४ साली टीमान व हारमान या जर्मन शास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. आज आपल्या वाटीत येते ते बहुधा कारखान्यातलेच!

या सुगंधाचा एका कठीण आजाराशी संबंध आहे. त्याचे नाव सिकलसेल. सिकल म्हणजे विळा, उर्दूत दरांती. आपल्या राज्यात गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत या आजाराचे बरेच रुग्ण आहेत.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. तेच ऑक्सिजन वाहून नेते. प्रथिन म्हणजे लहान दुव्यांची साखळी. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. सिकलसेलच्या रुग्णात त्यांपैकी फक्त सहावा दुवा बदललेला असतो. इंग्रम या शास्त्रज्ञाने १९५७ साली हे दाखवून दिले. एवढ्याशा फरकाने काय होते, पाहा. ऑक्सिजन सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे लांब, ताठ धागे बनतात. गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते; ही मात्र १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणून रुग्णाचे रक्त कमी पडते.

आता व्हॅनिलिनकडे वळू. ज्याच्या दोन्ही हातांत पिशव्या आहेत, तो दुसऱ्याचा हात धरू शकत नाही. तसेच ऑक्सिजन धरून ठेवलेले हिमोग्लोबिन सहसा दुसऱ्याला चिकटत नाही. व्हॅनिलिन हिमोग्लोबिनला जोडले जाते आणि ऑक्सिजनवरची त्याची पकड घट्ट करते. काचेच्या नळीत हे छान जमले. पण तोंडावाटे घेतलेले व्हॅनिलिन पचनमार्गातच लवकर मोडते. तेव्हा आइस्क्रीम खाऊन हा आजार बरा होईल, असे कोणी समजू नये!

मग शास्त्रज्ञांनी त्याच कुळातले, पण शरीरात टिकणारे रेणू बनवायला घेतले. त्यांतून व्हॉक्सेलोटर हे औषध निघाले. २०१९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रुग्णांचे हिमोग्लोबिन वाढले, सर्वांना आनंद झाला. परंतु पुढील चाचण्यांत औषध घेणाऱ्यांमध्ये वेदनांचे झटके आणि मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त दिसले. सप्टेंबर २०२४ मध्ये फायझर कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. हिमोग्लोबिनचा आकडा वाढणे आणि रुग्णाचे भले होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मला वाटते.

सध्या हायड्रॉक्सीयुरिया हे जुने औषध अनेक रुग्णांना उपयोगी पडते. भारतात २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत या आजारावर संशोधन चालते. आजार आहे की नाही, हे थोड्याशा रक्ताच्या तपासणीने कळते. काही जण केवळ वाहक असतात; त्यांना स्वतःला सहसा त्रास होत नाही. पण आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर त्यांच्या प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते.