भाड्याची खोली, गळते पाणी आणि लाईट बिल

सामाईक टाकी
जालना रस्त्यावरचे करमाड शेंद्रा औद्योगिक वसाहतीजवळ आहे. अशा गावांत ओळीने बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांना बोअर, मोटर, छतावरची टाकी आणि अनेकदा वीजमीटरही एकच असतो. वाद तिथूनच सुरू होतो.

गळती दिसते कुठे
नळाला मीटर नसेल तर ग्रामपंचायतीची पाणीपट्टी ठरावीक राहते; वाया गेलेले पाणी तिच्यात उमटत नाही. ते उमटते लाईट बिलात, कारण टाकी लवकर रिकामी होते आणि मोटर पुन्हा लावावी लागते. 1 एचपीची मोटर तासाला पाऊण युनिटाहून थोडी जास्तच वीज घेते. सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी दिवसाला साधारण 20 लिटर घालवते. फ्लश टाकीची गळती त्याहून वाईट, कारण ती आवाज करीत नाही. टाकीत थोडा रंग टाकून अर्धा तास फ्लश न वापरता भांड्यात रंग उतरला, तर आतला वॉशर गेला असे समजावे.

दुरुस्ती कोणाची
वेगळा करार वा स्थानिक रूढी नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चे कलम 108 लागू होते. वाजवी झीज वगळता जागा होती तशी राखणे भाडेकरूचे काम. मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती सूचना देऊनही त्याने वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 अशा वजावटीसाठी किमान 15 दिवसांची नोटीस आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची मर्यादा घालतो. मात्र तो अनुसूचीत नमूद क्षेत्रांपुरताच आहे. अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार खरोखर परवान्याचा असेल, तर तो भाडेपट्टा ठरत नाही. तिथे कागदावरचे कलमच निर्णायक. भिंतीतला पाइप मालकाचा, तोटीचा वॉशर राहणाऱ्याचा, एवढे एक वाक्य त्यात बहुधा नसते.

सबमीटरची बेरीज
महावितरणचा घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांवर चढतो. पाच खोल्यांनी प्रत्येकी 70 युनिटे वापरली तरी एका मीटरवर 350 होतात आणि वरचा टप्पा लागतो. वेगळ्या जोडणीवर प्रत्येक जण शंभराच्या आत राहिला असता. सबमीटर फक्त वाटणी दाखवतो, टप्पा बदलत नाही. सबमीटरांची बेरीज मुख्य मीटरपेक्षा कमी भरते. फरक प्रामुख्याने मोटरचा आणि जिन्यातल्या दिव्याचा. राहणारे तेवढेच असून एखाद्या महिन्यात हा फरक वाढला, तर आधी फ्लश टाक्या तपासाव्यात.