न्यायाधीशाच्या घरांतील पंक्तिभेद

पंक्तिभेद या शब्दाचा अर्थ मराठी घरांत कोणास समजावून द्यावा लागत नाहीं. परंतु अठराव्या शतकांतील एका इंग्रज उमरावाच्या घरींहि तो पाळला जात असे, आणि तो उमराव न्यायासनावर बसून गुलामांच्या स्वातंत्र्याचा निवाडाहि करीत असे. हा विलक्षण विरोध ‘बेल’ या बोलपटाचा विषय आहे. अम्मा असान्टे या दिग्दर्शिकेचा हा बोलपट २०१३ सालचा आहे.

कथेस आधार खऱ्या चरित्राचा आहे. डायडो एलिझाबेथ बेल हिचा जन्म १७६१ च्या सुमारास झाला. पिता सर जॉन लिंडसे हा आरमारी अधिकारी. माता मरिया बेल ही आफ्रिकन वंशाची गुलाम स्त्री. लिंडसेनें मुलीस आपले मामा लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्या घरीं ठेवलें. हे इंग्लंडचे मुख्य न्यायाधीश. लंडनजवळील केनवुडच्या वाड्यांत त्यांच्या पुतण्याची कन्या एलिझाबेथ आणि डायडो या दोघी बरोबरीनें वाढल्या.

बरोबरीनें, पण भोजनगृहाच्या दारापर्यंतच! मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर हचिन्सन १७७९ सालीं तेथें जेवावयास गेले होते. जेवण आटोपल्यावर डायडो आली व स्त्रियांत बसली, असें त्यांनीं रोजनिशींत नमूद केलें आहे. उमरावाचें रक्त असल्यामुळें तिला नोकरांत बसवितां येईना. काळा वर्ण आणि विवाहबाह्य जन्म यांमुळें पाहुण्यांच्या पंक्तीस घेतां येईना. वर्ण आणि वर्ग यांचा पेंच तो हाच.

न्यायालयांतहि हाच पेंच होता. गुलामास बळजबरीनें इंग्लंडबाहेर नेतां येणार नाहीं, असा निकाल मॅन्सफील्ड यांनीं १७७२ सालीं सॉमरसेटच्या खटल्यांत दिला. मात्र त्यानें गुलामगिरी सर्वस्वीं नष्ट झाली नाहीं. १७८१ सालीं ‘झाँग’ जहाजावरील खलाशांनीं शंभराहून अधिक आफ्रिकनांना समुद्रांत लोटलें, आणि मालकांनीं त्यांच्याबद्दल विम्याची भरपाई मागितली. १७८३ सालीं हें प्रकरण मॅन्सफील्ड यांच्यापुढें आलें तें खून म्हणून नव्हे, तर मालाची नुकसानी म्हणून! त्यांनीं फेरसुनावणीस अनुज्ञा दिली. पण खुनाचा खटला कोणावरहि झाला नाहीं.

बोलपटांत डायडो या प्रकरणीं पुरावा मिळवून देते. त्यास इतिहासाचा आधार नाहीं. तिचा पति जॉन डॅव्हिनिए पडद्यावर कायद्याचा अभ्यासक आहे. वस्तुतः तो कारभाऱ्याचें काम करी. मात्र बोलपटास ज्यापासून स्फूर्ति मिळाली तें चित्र खरें आहे. स्कॉटलंडमधील स्कोनच्या वाड्यांत तें आहे. त्यांत दोघी मुली शेजारीं शेजारीं आहेत आणि एलिझाबेथचा हात डायडोच्या हातावर आहे. चित्रकारानें दिलेली ती जागा भोजनाच्या वेळीं तिला मिळत नव्हती.

मॅन्सफील्ड १७९३ सालीं वारले. मृत्युपत्रांत त्यांनीं डायडोस ५०० पौंड व सालिना १०० पौंड ठेवले. आणि ती स्वतंत्र आहे, असेंहि स्पष्ट लिहिलें. तीस वर्षें ज्या घरांत ती वावरली, त्या घराच्या धन्यास, आणि तोहि मुख्य न्यायाधीश राहिलेला, हें एक वाक्य लिहून ठेवणें अगत्याचें वाटलें. आपल्याच देशाच्या कायद्यावर त्याचा किती भरंवसा होता, हें त्यावरून कळतें. डायडो १८०४ सालीं निवर्तली. ब्रिटिश पार्लमेंटनें गुलामांचा व्यापार बंद केला तो १८०७ सालीं.