लाइट लागते, मग सेल्फ का उचलत नाही?

पाऊस रविवारी रात्री झाला. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे जेव्हा तो अजिबात यायला नको असतो तेव्हा. निफाडकडे ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे, त्यांना अशा रात्रीबद्दल वेगळं सांगायला नको. बाग फुलोऱ्यात असेल तर पाण्याने घड कुजतात आणि पानं ओली राहिली की डाऊनी पसरतो. पाऊस थांबला की काम एकच : ब्लोअर जोडायचा आणि फवारणीला निघायचं.

सोमवारी सकाळी सहाला पप्पांनी मिनी ट्रॅक्टरची चावी फिरवली. ट्रॅक्टर जुना, आम्ही घेतला तोच सेकंडहँड. ‘घूंऽऽ… घूंऽ… टक्.’ आणि शांत.

मी इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आदल्याच दिवशी घरी आले होते. मम्मीने माझ्याकडे बघितलं. पप्पांनी बघितलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

शेजारचे तात्या आवाज ऐकूनच बांधावरून आले. त्यांचं निदान तयार होतं, “बॅटरी गेली.” पप्पा म्हणाले, “मागच्या वर्षीच नवी टाकलीये.” त्यांनी हेडलाइट लावून दाखवला. झगझगीत. “बघा, लाइट लागते. म्हणजे बॅटरी चांगली. सेल्फच गेला.” पण सेल्फही उन्हाळ्यात भरून आणलेला. म्हणजे वर्षभरात दोन मोठे खर्च होऊन ट्रॅक्टर जिथल्या तिथे. आता तिसरा खर्च कशावर करायचा, एवढाच प्रश्न उरला होता.

आधी कान लावा

मोटरसायकल असो की मिनी ट्रॅक्टर, सेल्फची साखळी छोटी असते. बॅटरीतून एक जाड केबल सेल्फच्या सोलेनॉइडला जाते. चावी फिरवली की बारीक वायरमधून सोलेनॉइडला ‘ऑर्डर’ मिळते. तो आतला जाड संपर्क जोडतो, सेल्फची मोटर फिरते आणि इंजिनाला फिरवते. करंट परत कसा येतो? सेल्फच्या बॉडीतून, इंजिनातून, चासीतून आणि शेवटी अर्थिंगच्या केबलमधून बॅटरीच्या निगेटिव्हला. हा परतीचा रस्ता दिसत नाही, म्हणून तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

चावी फिरवल्यावर येणारा आवाज अर्धी गोष्ट सांगतो.

काहीच आवाज नाही : ऑर्डरच पोहोचलेली नाही. फ्यूज, चावीचा स्विच, क्लच किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच, नाहीतर सोलेनॉइडची बारीक वायर. चावी फिरवलेली असताना सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवर १२ व्होल्टच्या आसपास येतात का, ते बघायचं.

भराभर टक-टक-टक : सोलेनॉइड ओढतोय, पण लोड आला की व्होल्टेज पडतंय. बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं.

एकच जोरदार ‘टक्’, किंवा रडत-रडत फिरणं : ऑर्डर पोहोचली, पण जाड रस्त्यात अडथळा आहे. केबल, अर्थिंग, सोलेनॉइडचे आतले संपर्क किंवा खुद्द मोटर.

इंजिन जोरात फिरतंय, पण लागत नाही : मग सेल्फला दोष देऊ नका. डिझेल, लाइनमधली हवा, बंद करायची नॉब ओढलेली राहणं, आणि ज्या इंजिनांना हीटर प्लग असतात तिथे ते प्लग, असं शोधत जायचं.

आमची केस तिसरी होती. इथपर्यंत माझं बरोबर होतं.

माझी चूक

बॅगेत कॉलेजच्या लॅबसाठी घेतलेला मल्टिमीटर होता. बॅटरीवर लावला, १२.६ व्होल्ट. पूर्ण चार्ज. (विश्रांतीत १२.६ म्हणजे फुल, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्जिंगला लावा.) मग मीटर ‘बीप’वर टाकला आणि एकेक केबल तपासली. प्लसची केबल, बीप. अर्थिंगची केबल, बॅटरीपासून थेट इंजिनापर्यंत, बीप. मी हात झटकले आणि जाहीर केलं, “वायरिंग ओके आहे. सेल्फ खोलावा लागेल.”

पप्पांनी सेल्फ काढला आणि मोटरसायकलवर गावात नेला. तिथे टेबलावर थेट बॅटरी लावली, तर तो गरागरा फिरला. परत आणला, बसवला, चावी फिरवली. ‘घूंऽऽ… टक्.’ दुपार झाली होती. तात्यांचा ब्लोअर त्यांच्याच बागेत संध्याकाळपर्यंत अडकलेला. पप्पा काही बोलले नाहीत. फक्त बागेत जाऊन पानं उलटीपालटी करून बघत बसले.

सेल्फ मारताना मोजा

रात्री वही काढली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी सगळी मोजमापं ट्रॅक्टर झोपलेला असताना केली होती. आजार मात्र तो उठायला लागला की दिसणारा.

शाळेत ओहमचा नियम सगळ्यांनी घोकलाय : विभवांतर म्हणजे विद्युतधारा गुणिले रोध. गणितात धारा २ नाहीतर ५ अँपिअर असायची. ट्रॅक्टरचा सेल्फ मात्र १००-१५० अँपिअर सहज ओढतो. एवढ्या धारेपुढे अगदी किरकोळ रोधही मोठा होतो. बीप वाजवताना मीटर जेमतेम मिलिअँपिअर सोडतो. केबलच्या शेकडो तारांपैकी एक जरी शाबूत असली, तरी बीप वाजणारच. आणि ओहमवर टाकलं, तरी साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो. त्याखालचं त्याला दिसणार कसं?

उपाय एकच : धारा वाहत असताना, त्या रस्त्यात किती व्होल्ट हरवतात ते मोजायचं. याला व्होल्टेज ड्रॉप टेस्ट म्हणतात.

मंगळवारी पहाटे गिअर न्यूट्रलला, पीटीओ बंद, हँडब्रेक लावला आणि इंजिन लागू नये म्हणून बंद करायची नॉब ओढून ठेवली. पप्पा सीटवर, मी मीटर घेऊन बाजूला, चाकांपासून लांब. प्रत्येक वेळी सेल्फ फक्त चार-पाच सेकंद. जास्त मारला तर तो तापून जळतो.

पहिलं माप, बॅटरीच्या दोन टर्मिनलवर : ११.८ व्होल्ट. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी कमजोर. आमची ठणठणीत होती.

दुसरं, बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या जाड टर्मिनलपर्यंत : ०.३ व्होल्ट. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

तिसरं, बॅटरीच्या निगेटिव्हपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत. इथे ०.२-०.३ च्या वर जायला नको.

मीटरने दाखवलं, ३.४.

मी पप्पांना परत मारायला सांगितलं. ३.४. बॅटरी पुरेसे व्होल्ट देत होती आणि त्यातले साडेतीनेक सेल्फपर्यंत पोहोचतच नव्हते. परतीच्या रस्त्यातच जिरत होते.

हेडलाइट खोटं का बोलला?

वहीत मांडून बघा. सेल्फ अंदाजे १२० अँपिअर ओढत असेल, तर ३.४ भागिले १२०, म्हणजे रोध सुमारे ०.०२८ ओहम. याच रस्त्याने हेडलाइटचे चार-पाच अँपिअर गेले, तर हरवणार किती? ०.१४ व्होल्टसुद्धा नाही. दिवा झगझगीत लागणारच! लाइट लागते म्हणजे लाइटपुरता रस्ता चांगला आहे, एवढंच सिद्ध होतं. पायवाटेवरून माणूस जातो, म्हणून तिथून उसाचा ट्रक जाईल असं नाही.

रंगाखाली

अर्थिंगची केबल चासीला जिथे बोल्टने आवळली होती, तो बोल्ट खोलला. दसऱ्याच्या पूजेआधी ट्रॅक्टर रंगवून घेतला होता. रंग झाल्यावर केबल परत जोडली होती, ती थेट रंगावर. बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम संपर्क होत होता, म्हणून महिनाभर निभावलं. त्यात आमच्याकडे मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणापासून गंधकापर्यंत सगळं फवारलं जातं. त्याचा तुषार उडून लोखंड गंजतंच. रविवारच्या पावसाने उरलंसुरलं काम केलं.

बॅटरीची केबल काढताना निगेटिव्ह आधी काढायची आणि जोडताना शेवटी जोडायची. हातातली अंगठी, कडं बाजूला ठेवायचं. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ काडी-सिगारेट नको. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने निघते. आम्ही चासीवरचा रंग पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासला, लग घासला, बोल्ट कचकून आवळला, वरून ग्रीस लावलं. खर्च, पॉलिश पेपरचा.

परत माप घेतलं : ०.१५. नॉब आत ढकलली. पप्पांनी चावी फिरवली आणि ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात लागला. ब्लोअर जोडून ते लगेच निघून गेले. शाबासकी वगैरे द्यायला वेळ नव्हता.

तो शॉर्टकट नको

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. सोमवारी तात्या मोठा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले होते. सोलेनॉइडची दोन टर्मिनलं त्याने जोडली की चावीशिवाय सेल्फ फिरतो. गावोगावी हे चालतं. पण या पद्धतीत क्लच आणि न्यूट्रलचे सेफ्टी स्विच वगळले जातात. ट्रॅक्टर चुकून गिअरमध्ये असेल, तर तो लागताक्षणी चालू पडतो आणि माणूस नेमका चाकासमोर वाकलेला असतो. असे जीव गेलेले आहेत. घरी कुणी असं करत असेल, तर भांडा. सेफ्टी स्विच बिघडला असेल तर तो बदला, वायर जोडून कायमचा बाद करू नका.

फवारणीला एक दिवस उशीर झालाच. खालच्या दोन ओळींत, जिथे पाणी साचतं, तिथले बरेच घड गेले. तो दिवस माझ्या ‘वायरिंग ओके आहे’मुळे गेला, हे मला माहीत आहे आणि पप्पांनाही. सोमवारीच धारा वाहताना मोजलं असतं, तर दहा मिनिटांचं काम होतं.

परवा हॉस्टेलवर पप्पांचा फोन आला. विहिरीवरची मोटर उचलत नाहीये. तात्यांचं म्हणणं, कपॅसिटर गेला. मी म्हटलं, मग बदलून टाका.

“बदलतो,” पप्पा म्हणाले, “पण आधी काय मोजायचं ते सांग.”