पुडीसह पकडलेला पोरगा : तुरुंगाच्या आधी दवाखाना

घरातला पोरगा गर्दच्या किंवा एमडीच्या पुडीसह पकडला गेला, की वस्तीत दोनच वाटा सांगितल्या जातात : दागिने मोडून वकील करा, नाहीतर कोणाला तरी मध्ये घालून मिटवा. तिसरी वाट कायद्यातच लिहिलेली आहे. ती प्रत्येक आईबापाला माहीत असावी, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

कायदा काय सांगतो?

अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५ चा आहे. त्याचे कलम ६४-अ व्यसनी माणसासाठी आहे. सेवनाचा किंवा 'अल्प प्रमाणा'चा गुन्हा असेल आणि त्याने स्वतःहून सरकारी, महापालिकेच्या किंवा सरकारमान्य संस्थेत पूर्ण उपचार घेतले, तर त्या गुन्ह्याचा खटला त्याच्यावर चालत नाही. उपचार अर्धवट सोडले, तर हे संरक्षण काढून घेता येते.

अल्प प्रमाण म्हणजे गर्द ५ ग्रॅम, चरस १०० ग्रॅम, गांजा १ किलो, एमडी २ ग्रॅमपर्यंत. त्यापेक्षा जास्त माल सापडला तर हे कलम उपयोगी पडत नाही.

अशा छोट्या प्रकरणात गुन्हा शाबीत झाला तरी कलम ३९ आहे. न्यायाधीश आरोपीच्या संमतीने, शिक्षेऐवजी त्याला उपचारासाठी सोडू शकतात.

अभिनेता फरदीन खान यांना २००१ साली जुहूत कोकेनच्या प्रकरणात अटक झाली. त्यांनी केईएम रुग्णालयात व्यसनमुक्तीचे उपचार घेतले आणि २०१२ साली विशेष न्यायालयाने कलम ६४-अ खाली त्यांना खटल्यातून मोकळे केले. केईएम महापालिकेचे आहे. त्याचे दार आपल्या पोरांनाही उघडे आहे. पण हे कलम सांगणारा माणूस त्यांच्या बाजूला उभा नसतो.

घरच्यांनी काय करावे?

१. मोफत वकील मागा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोठडीतल्या कोणालाही उत्पन्न न पाहता तो मिळतो. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत. विधी सेवेचा फोन १५१००.

२. वकिलाला स्पष्ट सांगा : 'कलम ६४-अ चा अर्ज करायचा आहे.'

३. केईएम, सायन किंवा कूपरच्या मानसोपचार ओपीडीत जा. केसपेपर, भरतीचे कागद, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक तारखेची नोंद जपून ठेवा. न्यायालयात तोच पुरावा.

४. पोराला घरात कोंडून व्यसन सोडवू नका. रोज दारू पिणाऱ्याने अचानक बंद केली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो.

५. गर्द काही आठवडे सुटल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. मग जुन्याच मात्रेने श्वास थांबू शकतो. तुरुंगातून किंवा केंद्रातून आल्यानंतरचे पहिले दिवस म्हणूनच सर्वांत धोक्याचे.

पुन्हा घसरला तर हाकलून देऊ नका. मधुमेहाची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण औषध बंद करतो का? पाचवे शील मोडले म्हणून माणूस टाकून द्यायचा नसतो.

मग अडते कुठे?

अमेरिकेत मायामी शहरात १९८९ साली व्यसन-उपचार न्यायालय सुरू झाले. तिथे न्यायाधीश, वकील आणि समुपदेशक मिळून आरोपीच्या उपचारावर लक्ष ठेवतात. ठरावीक दिवशी हजेरी, लघवीची तपासणी, आणि उपचार पूर्ण झाले की खटल्यातून सुटका. अशा न्यायालयांना तिथले केंद्र सरकार अनुदान देते.

आपल्याकडे कलम आहे, रुग्णालय आहे, न्यायालय आहे. या तिघांना जोडणारा माणूस नाही. बांद्रा किंवा अंधेरी कोर्टातून पोराला ओपीडीत नेणारा, तारीख चुकली तर घरी जाणारा, डॉक्टरांचा कागद वकिलापर्यंत पोचवणारा. आपल्याला नवी इमारत नको, या माणसाचा पगार आणि प्रवासखर्च हवा.

पैसा कुठून?

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची अमली पदार्थांची मागणी कमी करण्याची राष्ट्रीय योजना आहे. तीतून संस्थांना व्यसनमुक्ती केंद्र, वस्तीतले संपर्क केंद्र आणि तरुणांमधले काम यासाठी अनुदान मिळते. अर्ज ई-अनुदान पोर्टलवर होतो. नोंदणी, तपासलेले हिशेब आणि केलेल्या कामाचे दाखले लागतात. नुसत्या बॅनरवर अनुदान मिळत नाही.

दुसरी वाट विधी सेवा प्राधिकरणाची. व्यसनाच्या बळींसाठी त्यांची २०१५ ची योजना आहे, आणि वस्तीतल्या माणसांना प्रशिक्षण देऊन ते मानधनावर विधी स्वयंसेवक नेमतात. आपल्या पोरी-पोरांनी तिथे नाव द्यावे.

आमची विहार समित्यांना आणि महिला मंडळांना विनंती : येत्या बैठकीत तीन गोष्टी करा. नोंदणीचे कागद आणि हिशेब तपासा. विधी स्वयंसेवकासाठी दोन नावे काढा. आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय फोन नंबर विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. अटकेची वाट न पाहता जो आधीच उपचाराला जाईल, त्याला कलमाची गरजच पडणार नाही.

जयभीम.