पिंजऱ्याबाहेरचा बिबट्या

मार्च २०२२ मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझ मोटारींच्या कारखान्यात बिबट्या शिरला, तेव्हा कामगारांना बाहेर काढून, काही तासांच्या खटपटीनंतर भुलीचे इंजेक्शन मारून त्याला ताब्यात घ्यावे लागले. अशा प्रसंगी ‘जंगलातले जनावर वस्तीत घुसले’ असे म्हणण्याची रीत आहे. पण हा प्राणी परगावचा नव्हे. कारखान्यांच्या भिंतींपलीकडे, धरणांच्या पाण्यावर जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत ऊस वाढला, आणि त्या उसात बिबट्यांच्या पिढ्याच्या पिढ्या जन्मल्या. गावची कुत्री, शेळ्या आणि उकिरड्यावरची डुकरे हे त्यांचे अन्न. माणसाचा दिनक्रम त्यांना पाठ. दिवसभर उसात निमूट पडून राहावे व सामसूम झाली की बाहेर पडावे, यापलीकडे त्यांच्या हुशारीत गूढ असे काही नाही. तेवढी मात्र पुरते.

लोहगाव विमानतळाचे उदाहरण ताजे आहे. तेथे एप्रिल २०२५ मध्ये दिसलेला बिबट्या पिंजरे आणि कॅमेरे लावूनही हाती लागेना. अखेर डिसेंबरमध्ये त्याला बेशुद्ध करून पकडावे लागले. लष्करी पहारा असलेल्या आवारात जो इतके महिने लपू शकतो, त्याला उसाचे रान म्हणजे वाडाच!

मुळात पिंजऱ्याला अपराधी ओळखता येत नाही. आत बांधलेल्या शेळीला भुलून जो येईल तो अडकतो. बहुधा अननुभवी, क्वचित जखमी. ज्याने माणूस मारला तो कदाचित दूर उभा राहून ते पाहत असेल. मग पकडलेल्याचे करायचे काय? जुन्नरमध्ये २००१ ते २००३ या काळात शेकड्याच्या घरात बिबटे पकडून त्यांपैकी अनेकांना दूरच्या रानांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हिशेब मांडला, तो डोळे उघडणारा आहे: त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते १७ झाले, त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. अनोळखी मुलुखात टाकलेले जनावर तेथे टिकून राहत नाही. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून २००९ मध्ये काढलेल्या ‘आजोबा’ या बिबट्याच्या गळ्यात यंत्र बांधून त्याला माळशेज घाटात सोडले होते. तो महामार्ग आणि खाडी ओलांडीत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापाशी पोहोचला. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला.

ही बुद्धिमत्ता ऐकायला सुरस, पण शिरूर तालुक्यातील पिंपरखेडच्या माणसांपुढे तिचे कौतुक सांगण्याचे धाडस कोणी करू नये. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेथे तीन आठवड्यांत तीन बळी गेले, त्यांत दोन मुले होती. संतप्त जमावाने वनखात्याची गाडी पेटविली आणि लवकरच एका बिबट्यास गोळी घालण्यात आली. हा संताप समजण्याजोगा आहे. पण गोळीनेही उसाची राने रिकामी होत नाहीत. शेतीपंपाला वीज दिवसा द्या, ही त्या भागातील जुनी मागणी त्यामुळेच पिंजऱ्यांच्या संख्येहून अधिक मोलाची ठरते. रात्री बारा वाजता पाण्याची बारी धरायला एकटाच उसात शिरणारा शेतकरी बिबट्याच्या वेळेला बिबट्याच्या घरात जातो, आणि तेही खाली वाकून, हातात फावडे घेऊन.